बंद मशीनची शीळ

काढून आणलेली मोटर चांगली निघाली, तेव्हा सूनबाईला आधी वाटलं की आपण भलतीच मोटर उचलली. दुकानाच्या मागच्या टेबलावर तिने ती उलटसुलट करून पाहिली. मोटर तीच होती. दंतवैद्याच्या दवाखान्यातल्या एसीची, बेअरिंग गेलंय म्हणून काढलेली. वायर तिनेच कापली होती आणि तिरकी कापली गेली म्हणून स्वतःवर चिडलीही होती. जोडून बघायचं खरं तर काही कारण नव्हतं. फळीवर जागा उरली नाही, जुन्या मोटरी भंगारात देऊन टाकू, असं नवरा म्हणाला होता. देण्याआधी सहज म्हणून तिने कपॅसिटर लावून करंट दिला आणि मोटर फिरायला लागली. नुसती फिरत राहिली. शीळ नाही, खरखर नाही, काही नाही.

तिने करंट काढला आणि दांडा बोटांनी फिरवून पाहिला. कुठे अडकत नव्हता, डुगडुगतही नव्हता.

तिने दुसरी मोटर घेतली. मग तिसरी. चौथी चालू व्हायच्या आधीच तिला कळून चुकलं होतं. चारही मोटरी नव्यासारख्या होत्या, आणि या चारही तिने चार जणांच्या घरांतून, दवाखान्यांतून "ही गेली हो तुमची" असं सांगून काढून आणल्या होत्या. ती स्टुलावर बसली आणि समोरच्या मोटरींकडे बघत राहिली.

या सगळ्या मोटरी गेल्यात असं सांगितलं होतं तिच्या सासऱ्यांनी. आणि सासरे म्हणजे कानमास्तर.

हे नाव बाजाराने दिलेलं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून कानमास्तर दुकानाच्या वरच्या घरात खिडकीपाशी आरामखुर्चीत बसत, पण दुकान चालायचं ते त्यांच्यावरच. गिऱ्हाइकाचा फोन आला की ते सांगत, "मशीन चालू करा, फोन मशीनपाशी धरा आणि तोंड बंद ठेवा." मग फोन उजव्या कानाला घट्ट लावायचा, डाव्या कानात बोट खुपसायचं आणि डोळे मिटायचे. थोड्या वेळाने निकाल यायचा. गुळगुळ म्हणजे पाण्याची नळी तुंबली. टकटक म्हणजे हवेची पट्टी कुठेतरी घासते. एका बाईंना तर त्यांनी फोनवरून सांगितलं होतं की आतल्या पंख्यात रंगाचा खडू अडकलाय. बाई हसल्या. सूनबाईने जाऊन मशीन उघडलं, तर खरंच अर्धा निळा खडू. त्या बाईंनी तो खडू अजून जपून ठेवलाय म्हणतात.

सूनबाई त्यांच्याच हाताखाली शिकली. लग्न होऊन आली तेव्हा तिला पान्याची नावंही माहीत नव्हती. मुलाला या कामात गोडी नाही, तो गल्ल्यावर आणि गप्पांत खूश, हे ओळखून सासऱ्यांनी सुनेच्या हातात लांब स्क्रूड्रायव्हर दिला. टोक मशीनला टेकव, मूठ कानामागच्या हाडाला लाव, आणि ऐक. पहिला धडा मात्र त्याच्याही आधीचा होता. "आधी मशीन बंद करून ऐक. निम्म्या तक्रारी शेजारच्या पंपाच्या असतात." बाजारात ती कोणाची कोण हे कोणी विचारत नसे; कानमास्तर हाक मारत तशी ती सगळ्यांचीच सूनबाई झाली.

आणि गेले काही महिने कानमास्तरांना प्रत्येक मशीनमध्ये एकच आवाज ऐकू येत होता. शीळ. बारीक, उंच, न तुटणारी.

दंतवैद्याची तक्रार होती खडखडीची. कानमास्तर फोन ठेवून म्हणाले होते, "खडखड पत्र्याची आहे, ते सोड. मागे शीळ आहे, बेअरिंग चाललंय. आत्ताच मोटर बदल, नाहीतर ऐन उन्हात बंद पडेल." सूनबाईने जाऊन पत्रा आवळला, खडखड थांबली. मग स्क्रूड्रायव्हर लावून ती शीळ शोधत बसली. ऐकू येईना. दंतवैद्यालाही येत नव्हती. पण कानमास्तरांनी ऐकली म्हणजे शीळ असणारच, यात त्या घरात कोणाला शंका नव्हती. मग राहिलं कोण? सूनबाईने स्वतःलाच दोषी ठरवलं. आपला कान गेला. कॉम्प्रेसरच्या घरघरीत उभं राहून राहून गेला असणार. ती कोणाला न सांगता हातातलं घड्याळ उशाखाली ठेवून टिकटिक ऐकू येते का ते बघायची. यायची. तरी तिचा विश्वास बसत नव्हता.

कानमास्तरांच्या खोलीतलं मशीन तर तिने इतक्यांदा उघडलं होतं की त्याचे स्क्रू गुळगुळीत झाले होते. आतल्या पंख्याचं बुश बदललं, तांब्याच्या नळीला फोम गुंडाळला, बाहेरच्या मोटरला हात लावला. दर वेळी खुर्चीतून उत्तर यायचं, "आहे अजून."

आता उद्या शिंपीणबाईंकडची मोटर बदलायची होती. त्याही फोनवर शीळ निघाली होती. जुनं मशीन, त्याला बसेल अशी मोटर नवऱ्याने कुठून कुठून शोधून आणली होती, आणि शिंपीणबाई अर्धा दिवस दुकान बंद ठेवणार होत्या.

सूनबाई उठली. चौथी मोटर तशीच टेबलावर टाकून ती जिना चढली.

"आलीस? ये, ऐक जरा," कानमास्तर म्हणाले. खोलीतलं मशीन चालू होतं. सासूबाई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "आज फारच वाजतंय."

"माझं बोलणं यांना जन्मभर ऐकू आलं नाही," सासूबाई घडीकडे बघत म्हणाल्या. "शीळ मात्र बरोबर ऐकू येते."

"तुझ्या बोलण्यात बिघाड नाही गं, म्हणून लक्ष जात नाही."

एरवी सूनबाई हसली असती. "बाबा, मी मशीन बंद करते."

"बंद कशाला? बेअरिंग चालू असतानाच कळतं."

"तुम्हीच शिकवलंत. आधी बंद करून ऐक."

"मलाच शिकव आता," ते म्हणाले, पण खूश होऊन.

तिने रिमोट घेतला नाही. दाराबाहेर जाऊन त्या मशीनचा मेन स्विच खाली पाडला. आतला पंखा मंदावत थांबला. खोलीत इतकी शांतता झाली की खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची साखळी ऐकू आली.

"आता, बाबा?"

"आता काय?"

"शीळ येते?"

"येते ना." त्यांनी डोळे मिटले होते. "उलट आता स्वच्छ येते. तू आतलं बंद केलंस, बाहेरचं चालूच आहे."

"मेन पाडलाय."

कानमास्तरांनी डोळे उघडले. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठले, दारापर्यंत गेले आणि खाली पडलेल्या स्विचकडे बराच वेळ बघत उभे राहिले. सूनबाईने त्यांना इतक्या मशीनांपुढे उभं राहिलेलं पाहिलं होतं, पण हा चेहरा कधी पाहिला नव्हता. मग ते एकदम कामाला लागले.

"फ्रीज असेल. फ्रीज बंद कर."

एवढ्यात नवरा वर आला होता, त्याने फ्रीजची पिन काढली. कानमास्तरांनी मान हलवली. नाही. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी स्वतः उतरवलं, सेल काढून खिशात टाकला. नाही. न्हाणीघरातला नळ आवळला. नाही.

"शेजारचा पंप."

"शेजारी गावाला गेलेत बाबा, कुलूप आहे," नवरा म्हणाला.

"मग घराचाच मेन पाड."

सगळ्या घराची वीज गेली. चौघं त्या खोलीत उभी होती आणि कोणी हलत नव्हतं.

"तू जरा श्वास हळू घे," कानमास्तर बायकोला म्हणाले.

"घेतच नाही म्हणा ना," सासूबाई म्हणाल्या. पण आवाज नेहमीसारखा नव्हता, आणि त्यांनी हातातली घडी खाली ठेवली.

मग कानमास्तरांनी दोन्ही हातांची बोटं दोन्ही कानांत घातली.

सूनबाईला ओरडून त्यांना थांबवावंसं वाटलं. बाहेरचे सगळे आवाज बंद करायचा हा शेवटचा उपाय होता आणि त्यानंतर तपासायला काहीच उरत नव्हतं. म्हाताऱ्याचे ओठ किंचित उघडे राहिले. डोळे समोरच्या बंद मशीनवर. बोटं कानांतच ठेवून ते नको इतक्या मोठ्याने म्हणाले, "वाढली."

नवऱ्याने पुढे होऊन त्यांना खुर्चीत बसवलं. फोन ऐकताना डाव्या कानात खुपसलेलं बोट सूनबाईच्या डोळ्यांपुढे आलं. कान बंद करून ते फोनमध्ये शीळ ऐकत होते, आणि कान बंद केला म्हणूनच ती ऐकू येत होती.

"काढलेल्या मोटरी कुठायत?" कानमास्तरांनी विचारलं.

"अहो बाबा, ते आत्ता कशाला," नवरा म्हणाला आणि त्याने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

गप्प राहता आलं असतं. भंगारवाला संध्याकाळी येणारच होता. पण उद्या शिंपीणबाईंची पाचवी मोटर या चारांत येऊन बसली असती.

"खाली आहेत. आत्ता जोडून पाहिल्या," सूनबाई म्हणाली. "चारही चांगल्या आहेत."

कानमास्तरांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "दंतवैद्याकडे तू स्वतः ऐकलंस. तुला आली होती शीळ?"

"नाही."

"बाकीच्या तिघांकडे?"

"नाही आली."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, माझा कान गेला."

यावर त्यांनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती तिला पडलेल्या मेनपेक्षाही जड गेली. स्वतःच्या कानाचं कळल्यावर ते नुसते गप्प झाले होते. हे ऐकून मात्र पार हादरले.

"तुझा कान?" ते म्हणाले. "अगं पोरी, माझा वयाने गेला. तुझा धडधाकट कान तर मी घालवत होतो."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला. "रडायला काय झालंय," त्या स्वतःलाच म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. शिंपीणबाईंचा. कानमास्तरांनी सवयीने उचलून उजव्या कानाला लावला, डावं बोट वर गेलं आणि अर्ध्या वाटेतच थांबलं. त्यांनी हात खाली घेतला आणि फोन मोठ्या आवाजावर टाकून मांडीवर ठेवला.

"उद्या लवकर याल ना? मी सगळी कापडं झाकून ठेवते, धूळ उडेल."

"मोटर बदलत नाही, बाई. मोटर चांगली आहे तुमची."

"असं कसं? तुम्हीच तर शीळ पकडली. मला काही ऐकू येत नव्हतं, तरी मी गल्लीभर सांगून आले, कानमास्तर म्हणजे काय चीज आहे ते."

"शीळ माझ्या कानात आहे. तुमच्या मशीनमध्ये नाही. आता पुन्हा गल्लीभर जाऊन तेवढं सांगा."

पलीकडे काही क्षण नुसती शिवणयंत्राची घरघर. मग तीही थांबली. "मग रात्रंदिवस हे गुरगुरतंय ते काय, मास्तर? ते तरी खरं आहे का मीच वेडी झाले?"

"ते आमची सूनबाई ऐकेल. मशीन चालू करा."

आणि त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. सूनबाईने तो घेतला, कानाला लावला. गुरगुर होती, मशीनच्या हलत्या पायांची, थांबून थांबून. तिने त्या गुरगुरीखाली शोधलं, मागे शोधलं, जिथे शीळ असायला हवी होती तिथे. काही नव्हतं. सवयीने तिने मान वर करून सासऱ्यांकडे पाहिलं, पण ते खिडकीबाहेर बघत होते. मुद्दाम.

"बाहेरच्या मशीनखालची रबरं दबून गेलीत," ती फोनमध्ये म्हणाली. "उद्या येऊन बदलते. मोटरला हात लावत नाही."

तिने फोन ठेवला तरी कानमास्तर वळले नाहीत. "शीळ?" त्यांनी खिडकीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"नाही, बाबा."

"बरं." आता ते वळले. "मेन चढवा आता, उकडतंय. आणि त्या मोटरी भंगारात जाणार नाहीत. ज्याची त्याला परत. कुठली कोणाची, कळेल ना?"

"वायरीवरून ओळखते."

"मी बरोबर येणार. सांगायचं काम माझं."

"आणि कानाच्या डॉक्टरकडे जायचं काम कोणाचं?" सासूबाईंनी विचारलं. "तेही सुनेला देताय का?"

"जाऊ. आधी मोटरी." ते गुडघ्यांवर हात दाबत उठले आणि चपला शोधायला लागले. "दंतवैद्यापासून सुरुवात करू. त्याच्या खुर्चीत बसलं की भल्याभल्यांना तोंड उघडावंच लागतं."