झाकलेली बटणं

"कॉम्प्युटरचा वास घेताय का, मॅडम?"

साहेब पाठीमागं उभे. खोलीतले सगळे हसले. मीही हसले. लाज वाटते ती त्याचीच.

जिंतूरच्या एका कचेरीत मी कारकून. घर बोरी गावचं, मेंढरं राखणारं. जन्मापासून मला कमी दिसतं. चष्म्यानंही भागत न्हाई. पण काम कधी आडलं न्हाई. स्क्रीनवरची अक्षरं मोठी करायची, चुकलं तर मागं जायचं. एवढ्यावर नोकरी निभावली.

त्या दिवशी बढतीसाठी खात्याची ऑनलाइन परीक्षा होती. साईट उघडली आन् सगळी स्क्रीन व्यापून बसली. वरची बटणांची पट्टी गायब. मागं जायचा बाण गायब. अक्षरं मोठी करायला गेले. होईनात. मग नाक काचेला टेकवलं.

चुकून भलतंच बटण दाबलं गेलं. मागं फिरायची सोय न्हाई. परीक्षा संपली. निम्मे प्रश्न तसेच.

"मेंढरं मोजण्याइतकं सोपं नाही हे," साहेब म्हणाले. कागद पुढं सरकवला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे परीक्षा अपूर्ण राहिली.'

मी सही केली. वर "सॉरी सर" म्हणाले.

घरी आईनं विचारलं, "कसा गेला पेपर?"

"चांगला."

लय दिवस मी डोळ्यांनाच शिव्या घातल्या. एकदा शबानाआपाला सांगितलं. ती आमच्याच कचेरीत कॉम्प्युटर ऑपरेटर. ती भडकली.

"तुज्या डोळ्याचा काय कसूर गं? बटणं असतेतच. कुणी कॉपी करू नये म्हणून साईटवाल्यानं झाकून टाकलीत."

झाकलीत. म्हणजे कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलं होतं. आन् माफी मी मागितली होती.

पुढल्या परीक्षेला तीच साईट. या खेपेला मी वाकले न्हाई. उभी राहिले.

"सर, अक्षरं मोठी होईनात. मला वाचता येत न्हाई."

"बाकीच्यांना येतं."

"बाकीच्यांना दिसतं, सर."

कुणी हसलं न्हाई. साहेबांनी पुन्हा तसलाच निष्काळजीपणाचा कागद काढला. मी ती ओळ खोडली. खाली लिहिलं: 'साईटनं अक्षरं मोठी करू दिली नाहीत, म्हणून परीक्षा अपूर्ण.' मग सही केली. पोच मागितली. पोच घेतल्याशिवाय हलले न्हाई.

बढती आडलीय. वरच्या कचेरीला अर्ज दिलाय, पट्टी उघडी करा म्हणून. उत्तर न्हाई. दुसरा दिलाय. तिसराही देईन.

माफी मात्र आता माझ्याकडून मिळायची न्हाई.