माहेरच्या पाण्याची साक्ष

काल नातवाने जैसलमेरहून फोटो पाठवला. पाठीवर सॅक, तोंडाला फडकं, बाजूला वाटेत भेटलेले दोन नवे मित्र. खाली लिहिलं होतं, 'आबा, तुम्ही कधी वाळवंट तुडवलं का?'

तुडवलं बाबा... पण आमचं वाळवंट काळ्या मातीचं होतं.

साठ-एकसष्ट सालचा मे महिना. मी अठराचा. दर्यापूरला मामाने दुकानावर बोलावलं होतं. अकोल्यात बस चुकली, आणि त्या वयात पायांना थांबणं ठाऊक नसतं. पाठीला पडशी टाकली आणि सकाळीच निघालो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो... अकोल्याच्या पुढे खारपाणपट्टा लागतो. जमीन हातभर भेगाळलेली, सावलीला एखादी बाभूळ. विहिरीला पाणी असतं, पण खारट. तहानेल्याने प्यावं आणि अजून तहानेलं व्हावं.

अकोल्याबाहेरच दोघं भेटले. एक रहीमभाई पिंजारी, खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली. दुसरे किसनबुवा, साठीचे, डोक्यावर पितळी कळशी, तिच्या तोंडाला ओलं फडकं. तेही एकमेकांना तिथेच भेटलेले. उन्हात एकट्याने चालू नये, एवढीच आमची ओळख.

कळशीत काय ते बुवांनी चालता चालता सांगितलं. बायको अंथरुणाला खिळलेली, वैद्याने हात टेकलेले. तिचं माहेर बार्शीटाकळीकडचं, गोड्या पाण्याचं. तिने एकच मागितलं होतं... माहेरच्या विहिरीचं पाणी. बुवा आदल्या दिवशी तिथे जाऊन ते भरून परत निघाले होते.

मग काय, कळशी आम्ही पाळीपाळीने घेतली. रहीमभाई चिडवायचा, "बुवा, कळशी को दुल्हन जैसा संभालते तुम." बुवा हसायचे... ओठ फुटलेले, तरी हसायचे.

दुपारपर्यंत आमचं पाणी संपलं. वाटेतल्या विहिरीचं प्यायलो तर जीभ आणखी लाकडासारखी झाली. डोक्यावर मात्र गोडं पाणी डुचमळत होतं. शेवटी रहीमभाईने एक घोट मागून पाहिला. बुवा एवढंच म्हणाले, "उष्टं कसं नेऊ बापा तिच्यासाठी?" स्वतःही थेंब घेतला नाही. पुन्हा कोणी मागितलं नाही.

उन्हं कलताना त्यांच्या गावात पोचलो. आजी ओसरीवर बाजेवर, अंगाची नुसती काडी. सून उशाशी. बुवांनी पाय न धुताच फडकं सोडलं आणि पेल्यातून घोट पाजला.

आजींनी तो तोंडात घोळवला. कपाळाला आठी पडली.

"हे तिकडचं नाही," त्या म्हणाल्या. "यायनं मले पुन्हा फसवलं."

पुन्हा का, ते सुनेने आम्हाला हळूच सांगितलं. सोयरिकीच्या वेळी बुवांच्या घरच्यांनी बाहेरून गोडं पाणी आणून आजींच्या वडिलांना पाजलं होतं. खाऱ्या पाण्याच्या गावात कोण मुलगी देतो? तेव्हा असं सर्रास चालायचं. आजींनी चाळीस वर्षं संसार केला, पण तेवढं विसरल्या नाहीत.

बुवा पेला धरून उभेच.

माझ्याने राहवलं नाही. "आजी, मी होतो ना संगं. माह्या डोयापुढं भरलं त्यायनं."

धडधडीत खोटं. रहीमभाईही पुढे झाला, "हौ माय, मैं बी था."

आजींनी आम्हा दोघांकडे पाहिलं. "मंग हे फिकं कावून लागते?"

बुवांनी पेला खाली ठेवला. शेवटी त्या म्हणाल्या, "असन बापा... पन मले आपल्या विहिरीचं द्या." सुनेने दिलं. पेलाभर खारं पाणी प्यायल्या आणि डोळे मिटून पडल्या.

रात्री तिथेच टेकलो. सकाळी बुवा शिवेपर्यंत पोचवायला आले. म्हणाले, "मी येकडाव खरं बोललो पोरा, तं पटलं नाही. तुमी खोटं बोलले माह्यासाठी..." आणि तसेच मागे फिरले.

पंधरा दिवसांनी रहीमभाई मामाच्या दुकानी आला. त्याच्याकडूनच कळलं, आम्ही निघालो त्याच संध्याकाळी आजी गेल्या होत्या.

चाळीस वर्षं एकाच विहिरीचं पाणी प्यायलं की जीभही तिथलीच होते... हे आज कळतं. त्या दिवशी कळलं असतं तर आजींना सांगितलं असतं, पाणी तेच आहे माय, तूच आता इथली झालीस.

ते खोटं मला कधी बोचलं नाही. एवढंच वाटतं, जरा अजून ठासून बोलायला हवं होतं.