नियोजनबाईंनी भरलेल्या वीस जागा

कॉलेजात तिला सगळे नियोजनबाई म्हणत. त्यात कौतुक कमी, चेष्टाच जास्त. सोळा वर्षं तिने पुलांची कामं आखली होती: कोणता खांब आधी, कुणाच्या कामासाठी कुणी थांबायचं. मग आईला अर्धांगवायू झाला. साइटवरची नोकरी सोडून तिने घराजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पदव्युत्तर प्रवेशाचं टेबल पत्करलं.

वीस जागांपैकी आदल्या वर्षी सातच भरल्या होत्या. विभागप्रमुख म्हणाले, "यंदाही तेच झालं तर अभ्यासक्रम बंद. तुम्ही पूल बांधलेत ना? पोरं आणून दाखवा."

तिने कपाटातले जुने अर्ज काढले आणि प्रत्येकावर तो आला कधी, उत्तर गेलं कधी, ते लिहिलं. घोडं कुठे पेंड खातंय ते दोन दिवसांत कळलं. अर्ज प्राध्यापकांच्या टेबलावर महिना महिना पडून राहायचे आणि तोवर चांगली मुलं दुसरीकडे जायची.

तिने भिंतीवर तक्ता लावला. एका अर्जाला एक ओळ, प्रत्येक टप्प्यापुढे माणूस आणि तारीख, उशीर झाला की लाल खूण. दर सोमवारी उभ्याउभ्या दहा मिनिटांची बैठक.

"आम्ही काय गवंडी आहोत?" एक ज्येष्ठ प्राध्यापक फणकारले.

"नाही सर. गवंडी दुसऱ्या दिवशी उत्तर देतो."

लोक हसले, पण अर्ज हलू लागले. उत्तर सहा दिवसांत जाऊ लागलं. मुलांना फोन ती स्वतः करायची. पंपांच्या कारखान्यात नोकरी करणारी एक मुलगी कचरत होती. तिला तर तीनदा केला.

"मॅडम, बाबा म्हणतात हातची नोकरी सोडू नको."

"तुला ज्या सरांच्या हाताखाली काम करायचंय, ते इथेच आहेत. ये तू."

ती आली. वीसच्या वीस जागा भरल्या. घरी आईने चालत्या हाताने तिच्या पाठीवर थोपटलं. कितीतरी दिवसांनी नियोजनबाईंना शांत झोप लागली.

दुसऱ्या सत्रात ते सर राजीनामा देऊन एका कंपनीत गेले. त्यांच्या भरवशावर आलेले सहा जण उघड्यावर पडले. ती विभागप्रमुखांकडे गेली.

"सर, तुम्हाला हे कधी कळलं?"

त्यांनी समोरचे कागद उगाच सारखे केले. "प्रवेश चालू होते तेव्हाच. पण तेव्हा बोललो असतो तर तुमचाच तक्ता कोसळला असता, बाई."

दुपारी ती मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"तुम्ही म्हणाला होतात, सर इथेच आहेत."

"मला माहीत नव्हतं गं."

"विचारलं होतंत त्यांना?"

विचारलं नव्हतं. पुलावर असताना तिने लोखंडवाल्याचा होकार घेतल्याशिवाय काँक्रीटची गाडी कधी बोलावली नव्हती. इथे मात्र माणसं बोलावली होती, आणि ती आल्यावर पुढे काय याची एक ओळसुद्धा तक्त्यात नव्हती.

पुढचे दोन महिने तिने दुसऱ्या कॉलेजांचे उंबरठे झिजवले. चौघांना तिकडे मार्गदर्शक मिळाले. एकाने मन मारून विषय बदलला. ती मुलगी घरी परतली. कारखान्यात तिच्या जागी दुसरं कुणी आलं होतं. दाखले परत देण्याच्या अर्जावर नियोजनबाईंनीच सही केली. मुलीने दाखले मोजून पिशवीत घातले आणि वर न बघता निघून गेली. नंतर नियोजनबाईंनी दोनदा फोन केला, तिने उचलला नाही.

पुढच्या हंगामात नियोजनबाईंनी तक्त्यात एक टप्पा वाढवला: दोन वर्षं इथेच राहीन, असं प्रत्येक प्राध्यापकाने लिहून द्यायचं. चौघांनी दिलं नाही. त्यांच्या विषयाला आलेल्या मुलांना तिने फोनवर खरं काय ते सांगून टाकलं. नऊ जागा भरल्या.

"स्वतःच्या हाताने धोंडा पाडून घेतलात पायावर," विभागप्रमुख म्हणाले.

"पाडला, सर."

त्या वर्षानंतर नवे प्रवेश बंद झाले. तिची बदली परीक्षा विभागात, कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या कोठीत झाली. तिथे खिडकी नाही. गठ्ठे मोजून द्यायचे, सही घ्यायची. एकदा कुणीतरी विचारलं, इथे तक्ता नाही का लावला? पुढचा गठ्ठा ओढून तिने त्याची दोरी सोडली.