अण्णाची गाडी अन् मायचा आवाज

आमच्या गाडीची डिकी एवढी लहान हाय की दळण न्यायचं म्हणलं तर डबा मागच्या शिटवर बसवावा लागतो. पण गाडी घेऊन वरीस झालं न्हाई, अन् किस्से बगा, सगळीकडं भरून राहिले. नांदेडात आमच्या कट्ट्यावर चार दोस्त जमले की कोन तरी म्हणतोच, "गण्या, गाडीचं सांग." आपले दहावीचे दोन विषय राहिलेत, त्यामुळं टाइमच टाइम हाय.

पहिले हे ऐका. आमचे अण्णा मास्तर हायत, मुदखेडला. उजवा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. काठी घेऊन चालतेत. बारा वर्षं त्यायला त्यांच्याच शाळेतल्या कांबळे सरांनी मोटारसायकलवर मागं बसवून शाळेत नेलं. रेल्वे हाय, पण डब्याच्या पायऱ्या अण्णाला जमत न्हाईत. अन् कांबळे सर दिवाळीला रिटायर होणार होते. म्हणून गाडी. लहानातली लहान, क्लच नसलेली, अन् पेट्रोल चिमणीएवढं पिणारी.

*

गाडी दारात आली. मायनं हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. तेवढ्यात मामा आला. गाडीकडं बघितलं न्हाई, पेढा घेतला न्हाई, पहिला सवाल, "किती देती?"

शेजारी, दूधवाला, गल्लीतला न्हावी, समद्यायचा एकच सवाल. मी प्रत्येकाला येगळा आकडा सांगत गेलो. दोन दिवसात गल्लीत भांडण लागलं, गाडी नेमकी देती किती. शेवटी मामा परत आला, म्हणला खरं सांग. म्हणलं, "मामा, तुमी बसल्यावर किती देती ते अजून बगायचंय."

मामा नव्वद किलोचा हाय. तो आठ दिवस आमच्या घरी चहाला आला न्हाई.

*

पण लातूरला गाडी चालवत न्यायला मामाच लागला. तिथं शब्बीरभाई हायत, हातानं चालणाऱ्या गाड्या तयार करून देतेत. स्टेअरिंगजवळ एक दांडा बसवतेत. पुढं ढकलला की ब्रेक, खाली दाबला की रेस. पायाचं काम हातावर.

मला वाटलं, आता हे गाडीखाली घुसतील. त्यांनी टेप काढला अन् अण्णाचा हात मोजला. मंग खांदा, कोपर, बसल्यावर गुडघा कुठं येतो ते. शिंप्यावानी. मी म्हणलं, "चाचा, शर्ट न्हाई शिवायचा, गाडी करायची हाय."

ते टेप गुंडाळत म्हणले, "गाडी का नाप कंपनी लेती, बेटा. मैं आदमी का लेता."

दोन दिवस लागले. मी त्यांचा दहा नंबरचा पाना लपवला, तर त्यांनी मला गाडीखाली आडवं झोपवून टॉर्च धरायला लावला. हात मोडायला आला. पण दांडा असा बसला की अण्णानं डोळे मिटून हात पुढं केला अन् मूठ बरोबर त्याच्यावर गेली. अण्णानं परत डोळे मिटले, परत हात पुढं केला. शब्बीरभाई उगंच पाने पुसत राहिले.

*

मंग शिकणं सुरू. रोज सकाळी मोकळ्या मैदानावर. शेजारच्या शिटवर मामा, मागं मी.

एक दिवस मी गाडीचं लाल 'एल' काढलं अन् अण्णाच्या शर्टावर पाठीमागून चिटकवलं. अण्णा तसेच शाळेत गेले. कांबळे सर पुढं बघून गाडी चालवणारे, त्यायला काय दिसणार. चार तास झाले. फळ्याकडं वळले की अख्खा वर्ग 'एल' वाचायचा. शेवटी पाचवीतल्या एका पोरीनं उभं राहून विचारलं, "सर, तुमी अजून शिकून राहिले का?"

अण्णानं मागं हात घालून ते काढलं, बघितलं. "हाव," म्हणले. "पान काढा, अठ्ठावीसवं."

घरी आल्यावर काठीनं माझ्या पायाला टोचलं, तेवढंच.

*

अण्णा म्हणले होते, गाडीत एक गोष्ट तुज्या आवडीची बसव. दोस्तायला वाटलं, मी निळे लाइट लावणार. मी रिव्हर्सचा हॉर्न बसवला. त्यात मेमरी कार्ड जातं, पायजे तो आवाज भरायचा. मी मायचा भरला.

माय अण्णाला जिथं तिथं हळू म्हणत असती. ओट्याच्या पायऱ्या उतरताना, न्हाणीत जाताना. लग्न झाल्यापासून. मामा गाडी दारात लावत होता तवा तिनं सवयीनं अण्णालाच हाक मारली, मी मोबाइलवर धरली. "अवो, हळू. मागं खांब हाय."

टेस्टच्या आदल्या राती बसवला, घरी कुणालाच सांगितलं न्हाई. मज्जा करायची होती. अन् ऐन टेस्टच्या दिवशी आरटीओत इसरलो की ते लावून ठेवलंय.

दिवाळीला बारा दिवस. नापास झालं तर पुढची तारीख दिवाळीच्या नंतरची, मंग शाळेत जायचं कसं? माय घरी देवाम्होरं बसलेली. अण्णानं गाडी सरळ नेली, वळवली, चढावर थांबवली. सायेब शेजारी बसून दांड्याकडं बघत होते. म्हणले, "रिव्हर्स घ्या."

गाडी बोलली, "अवो, हळू. मागं खांब हाय."

अण्णानं गपकन ब्रेक दाबला. सायेबानं दार उघडून मागं बघितलं. खांब न्हाई, नुसतं मैदान. लांब मी उभा.

"हे कोन बोललं?"

अण्णाचे कान लाल. "घरच्या हायत, सायेब. पोरानं बसवलं. आजच काढतो."

सायेबानं कागद मांडीवर घेतला. "खांब नसताना थांबला तुमी," म्हणले. "असताना थांबालच. आवाज तेवढा कमी करा."

पास.

*

कांबळे सरांच्या शेवटच्या दिवशी अण्णानं त्यायला गाडीतून घरी सोडलं. पहिल्यांदाच सर बाजूला अन् अण्णा चालवायला. गाडी सुरू केली, पर सर म्हणले, थांबा. "मास्तर, बारा वर्षं मी मागं वळून इचारलं, आज तुमी इचारा."

अण्णानं इचारलं, "बसले का, सर?"

"बसलो. चला."

सरांनी मांडीवर हेल्मेट घट्ट धरून ठेवलं होतं. गाडीत.

*

दिवाळीची सुट्टी संपली अन् अण्णा पहिल्यांदा एकटे मुदखेडला गेले. बारा वर्षं संध्याकाळी माय कोपऱ्यावर जाऊन उभी राहायची, मोटारसायकलवरून उतरताना काठी धरायला. त्या दिवशी गेली न्हाई. म्हणली, आता काय काम हाय माझं तिथं, अन् कणीक मळत बसली.

सहा वाजता गाडी आली. मी ओट्यावर. अण्णानं गाडी मागं घेतली. "अवो, हळू. मागं खांब हाय." एकदम बरोबर लागली.

तर अण्णानं गाडी पुढं घेतली. परत मागं. "अवो, हळू." परत पुढं. परत मागं. गल्लीतली पोरं जमा झाली. चौथ्यांदा मी काचेवर टकटक केलं.

"अण्णा, लागली की गाडी. उतरा की."

अण्णा दाराकडं बघत होते.

"तुजी माय अजून भाईर आली न्हाई," म्हणले, अन् गाडी पुढं घेतली.