आईच्या गाडीवर माझा क्यूआर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे सांगायला मला कुणी विचारावं लागत नाही. आईच्या पोह्यांच्या गाडीवर क्यूआर लावायचं ठरलं तेव्हाही मी तिला लेक्चर देणार होतो. पण तिला त्याची गरजच नव्हती.

तिची गाडी चाकणला, कंपन्यांच्या बस थांबतात तिथं. बस दिसली की पहिल्या शिफ्टची माणसं घास तोंडात ठेवूनच पळतात. सुट्ट्या पैशांसाठी थांबणार कोण? शेजारच्या वडापाववाल्या मावशीनं स्कॅनर लावला आणि गिऱ्हाईक तिकडं सरकलं. आईला एवढं कारण पुरलं. "लाव बाबा तुझं ते," म्हणाली.

तिचा फोन बटणांचा, म्हणून मी माझंच खातं जोडलं. सोपं पडलं. पैसे आले की क्यूआरसोबत मिळालेला बोलका डबा रक्कम ओरडायचा, आणि आई बोहनीला त्या डब्यालाच हात लावून कपाळाला लावायची. मला हसू यायचं.

एका संध्याकाळी ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "जरा पैसे दे रं."

मी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणालो, "कशाला?"

ती वळून आत गेली. वडीलही असंच विचारायचे. त्या एका शब्दाला कंटाळूनच तिनं गाडी टाकली होती, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरीही तो माझ्या तोंडून सहज निघाला.

पुढं एका सकाळी माझी ऑफिसची बस चुकली म्हणून आईच्या गाडीवर गेलो, तर डबा बंद आणि क्यूआर उलटा ठेवलेला. एक जण विचारत होता, "काकू, स्कॅनर कुठंय? रोख नाही ओ."

"बंद हाय बाबा."

तो शेजारी गेला. त्याला वडापाव देता देता मावशीनं मला ऐकवलं, "बिघडलंय कुठं? पैसं लेकाकडं जात्यात, मग मागाया लागतं म्हणती. शिकलास ना रं तू?"

माझे कान तापले. आई खाली बघून कांदा चिरत राहिली. तिनं मला वाचवलंही नाही.

रजा टाकून तिला बँकेत नेलं. नवा फोन घेतला, तिचं खातं जोडलं. 'चुकलं' हा शब्द काही तोंडातून फुटेना, म्हणून नवा स्टिकरच तिच्यापुढं धरला.

"ह्याचा मेसेज कुणाला येणार?"

"तुला."

"तुला न्हाई?"

"नाही."

"मग चिकटव."