रानातली हजेरी

"डोळे बांधल्याबिगर झाड भेटत न्हाय," मनुबाई एकदा म्हणाली होती. डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी विचारलं होतं, खेळ बरा आहे, पण जिंकणाऱ्याला बक्षीस काय? तिनं त्यांच्याच डोळ्यांवर फडकं बांधलं आणि त्यांना किंजळीच्या बुंध्याशी नेऊन सोडलं. गृहस्थ बराच वेळ तिथून हलले नाहीत. बक्षिसाचं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

किहीमला हर्षदच्या कॉटेजांवर ती आधी भाकऱ्या थापायला होती. सुट्टीत आलेली पोरं मोबाइल घेऊन लोळताना पाहून तिनंच एकदा चौघांना मागच्या डोंगराखालच्या रानात नेलं. सागाच्या पानांना काड्या टोचून टोप्या केल्या, ओढ्यातल्या गोट्यांची चूल मांडून खोटा भात शिजवला. शेवटी 'आपलं झाड'. डोळे बांधून एकेकाला झाडाशी न्यायचं, त्यानं ते हातांनी, गालांनी ओळखून ठेवायचं; मग परत आणून गोल फिरवायचं, पट्टी सोडायची आणि म्हणायचं, शोध आता तुझं झाड. पुढं पोरांचे आईबापही खेळायला लागले. गेली सहा वर्षं मनुबाई रानातच असते. भाकऱ्या दुसरी कोणी थापते.

त्यातली शेवटची दोन वर्षं तिला समोरचं दिसत नव्हतं. कडेचं दिसे. पाहायला जावं तिथं मात्र धुराचा गोळा, आणि माणसांचे चेहरे नेमके त्या गोळ्यात. हे परत यायचं नाही, असं अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिनं कोणालाच सांगितलं नाही. हर्षद काही वाईट माणूस नव्हता. कळलं तर तो तिला घरी बसवून पगार देईल आणि रान बंद करील. तेवढंच तिला नको होतं.

वाट पायांना पाठ होती. पोरं मोजायला तिनं 'कूऽक' अशा हाकेची युक्ती काढली. ओढ्यावर, वळणावर, निघताना तिनं लांब कूक द्यायची, आणि एकेकानं आपली कूक द्यायची. हर्षदला ते इतकं आवडलं की त्यानं पाटीवर लिहिलं : रानातली हजेरी.

नाताळच्या सुट्टीत उलव्याचा प्रज्योत आला. न्हावा शेव्याच्या बंदरावर त्याचे ट्रेलर चालतात. बरोबर बायको कल्पिता आणि दोन मुली, दहा वर्षांची अमिषा, सहाची केसर.

"मावशी, आमच्या मॅडमना पण डोळे बांधून सोडा कुठंतरी," प्रज्योत म्हणाला. "सकाळपासून रेंज शोधतायत."

"तुलाच बांधते आधी," मनुबाई म्हणाली. "बायको कुठं ठेवली ते तरी शोधशील."

कल्पिता खळखळून हसली. त्या दिवशी नऊ पोरं होती, आणि ओढ्यावर, वळणावर नऊच कुका आल्या. दोन कुका एकाच बाजूनं येतात, हे मनुबाईच्या कानाला लागलं होतं. बहिणी हात धरून असतील, असं तिनं धरलं. निघताना पोरांनी पट्टी बांधून आपापल्या झाडाला टेकायचं आणि कूक आली की पट्टी सोडून यायचं; मोठी माणसं पुढं झाली, मनुबाईनं कूक दिली, नऊ कुका आल्या, आणि सगळे परतले.

ओसरीवर भाकरी वाढताना कल्पितानं विचारलं, "केसर कुठाय?"

सगळे एकदम ओरडायला लागले.

"हाका बंद करा," मनुबाई म्हणाली. "मी तिला ऐनाच्या झाडाशी नेलती. कोनी मागं येऊ नका, मला ऐकायचं हाय."

ती निघाली ती जवळजवळ पळतच. ओढा ओलांडून उभी राहिली आणि तिनं लांब कूक दिली. रान गप्प. पुन्हा दिली. मग डावीकडून एक बारीक, चिरकी कूक आली, पहिल्यांदाच उडणाऱ्या पिलासारखी.

हा आवाज तिनं दिवसभरात एकदाही ऐकला नव्हता.

मनुबाईनं पुढं होऊन हात लावला. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, ऐनच. खाली केसर बसली होती, डोळ्यांवर रुमाल बांधून.

"तुम्हीच सांगितलंत," केसर हळूच म्हणाली. "कूक येईपर्यंत पट्टी सोडायची नाही. मला ऐकूच आली नव्हती."

"व्हय गो बाय. माझीच कूक उशिरा आली." तिनं रुमाल सोडला. "आनि सकाळधरनं तुझी कूक कोन देत होतं?"

"ताई. मला लाज वाटते सगळ्यांसमोर." केसर तिच्याकडं बघत राहिली. मनुबाईचा तळवा अजून सालीवरून फिरत होता. "आजी, तुमची पट्टी कुठंय?"

मनुबाईनं तिला कडेवर घेतलं.

ओसरीवर कल्पितानं लेकीला ओढून घेतलं आणि रडू लागली. दोन कुकांचं केसरनं सांगून टाकलं होतं; प्रज्योतनं मोठीला दंडाला धरलं होतं. "दोन दोन आवाज काढते! मस्ती वाटते काय तुला? काही झालं असतं म्हणजे?" अमिषा मान खाली घालून हुंदके देत होती. "मला वाटलं, केसर आईबरोबर पुढं गेली." हर्षद समजुतीनं म्हणाला, "जाऊ दे साहेब, लहान आहे. मनुमावशीला तरी काय कळणार, पोरीनंच फसवलं तर?"

सगळं तिथं मिटत होतं. मनुबाईनं गप्प राहायचं, एवढंच बाकी होतं.

"तिला सोड," ती प्रज्योतला म्हणाली. "तिनं बहिणीची लाज राखली. डोळ्यांनी मोजलं असतं तर आठच भरली असती. मला मोजता येत न्हाय, हर्षद. दोन वर्सं झाली. तुझं तोंडपन दिसत न्हाय मला."

प्रज्योतचा हात सैल पडला. "मावशी..." म्हणत हर्षद पुढं झाला.

मनुबाईनं कमरेला खोचलेलं डोळे बांधायचं फडकं काढलं, चार घड्या घालून टेबलावर ठेवलं. जाता जाता अमिषाच्या डोक्यावरची वाकडी झालेली पानाची टोपी चाचपून सरळ केली. मग ती पायरीशी आली. दोन वर्षं ती ही पायरी बघून उतरल्यासारखी उतरत होती. आज तिनं खांबाला हात लावला, पाय पुढं करून पायरीची कड शोधली, सगळ्यांच्या देखत, सावकाश, आणि बाहेर पडली.