लघवीची गोळी

नवऱ्याचे दोन्ही अंगठे माझ्या नरड्यात रुतले होते आणि ते ओरडत होते, "माझी बायको कुठं पुरली, सांग!"

चुलीवर भाकरी होती. हाताला उलथनं लागलं, ते तापलेलंच त्यांच्या कानशिलावर हाणलं. पकड सुटली.

शेजारून दीर धावत आला. त्यानं सख्ख्या भावाला आडवं पाडलं, छातीवर गुडघा दिला आणि बैलाच्या दाव्यानं बाजेला करकचून बांधलं. जाऊ म्हणाली, "ह्यांच्या अंगात कुणीतरी शिरलंय." तिनं नाकाखाली मिरच्यांची धुरी धरली. दीर पायताणानं थोबाडीत मारत विचारायचा, "बोल, कोण हाईस तू?"

"तुझा बाप!"

"बघा! मामंजीच आलेत," जाऊ म्हणाली. तिनं पदर डोक्यावर घेतला. मार मात्र थांबला नाही.

लघवीला जळजळ होत होती म्हणून शहरातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या. एकही चुकवायची नाही, असं बजावलं होतं. म्हणून दिरानं जबडा फाकवून संध्याकाळची गोळीही कोंबली. ओठ फाटला. भुताला मार आणि माणसाला औषध, दोन्ही चालू.

तेवढ्यात सून शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतून कामावरून आली.

"आत्याबाई, कधीपासून असं करत्यात?"

"काल रात्रीपासून झोप नाय. भिंतीवर मुंग्या दिसत्यात म्हणं."

"अन् गोळी?"

"कालच चालू केली."

तिनं दिराच्या हातातलं पायताण हिसकून अंगणात भिरकावलं. "काका, आता मारलं तर पोलिसात जाईन."

आम्ही रिक्षातून दवाखाना गाठला. गोळ्यांचं पाकीट बघून डॉक्टर म्हणाले, "हा गोळीचाच त्रास. मूत्रपिंड कमजोर आहे, म्हणून ती अंगात साठली." त्यांनी गोळी बदलली आणि दाखल करून घेतलं. दोन बरगड्या मोडल्या होत्या, तो त्रास मात्र दिराचा. म्हणजे दिरानं मोडलेल्या.

नर्सनं मला काम दिलं: जागं राहायचं, हातपाय झटकतात का बघायचं, झटकले तर हाक मारायची, आणि मधूनमधून विचारायचं, मी कोण. एकदा झटका आला, त्यांनी जीभ चावली, उशी लाल झाली. मी बोंबलत नर्सला आणलं.

"मी कोण?"

"हडळ."

तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं.

"तुला तुझं नाव म्हाईत नाय व्हय? चळली का काय म्हातारी?"

ते जगले. मीही जगले.